चिखल्या व इतर किण्वजन्य रोग : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

मृगाचा पाऊस पडला की घाटंजी तालुक्यातील काळ्या जमिनीत कपाशी, तूर व सोयाबीन यांच्या पेरणीची घाई सुरू होते. तेथून पुढे निंदण, डवरण, खत देणे, फवारणी अशी कामे एकामागून एक येत राहतात आणि तीन-चार महिने शेतकऱ्याचे व मजुराचे पाय चिखलातून बाहेर निघत नाहीत. काळी माती पाणी धरून ठेवते. हा तिचा गुण पिकास उपकारक आहे. पायाच्या बोटांना मात्र तो बाधतो. श्रावण लागण्याच्या सुमारास गावोगाव पायांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटू लागते, आग होते, चालवत नाही. या विकारास सर्वजण ‘चिखल्या’ म्हणतात आणि तो पावसाळ्याबरोबर येणारा व पावसाळ्याबरोबर जाणारा त्रास म्हणून सोडून देतात.

परंतु निंदणाच्या ऐन भरात घरातील एक माणूस आठ दिवस पाय धरून बसले, तर मजुरी बुडते आणि तण कपाशीच्या वर जाते. त्याहून मोठी हानी चुकीच्या उपचाराने होते. यास्तव हा विषय केवळ आरोग्य खात्याचा नसून शेतीचाही आहे. चिखल्या व त्यांच्याच जातीचे इतर रोग कशाने होतात, ते कसे ओळखावे, कोणते उपाय करावेत आणि कोणते कटाक्षाने टाळावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

किण्व म्हणजे काय?

मोहाची फुले पाण्यात भिजत ठेवली की दोन-तीन दिवसांत त्यांवर फेस येतो व आंबूस वास सुटतो. ताडी काही तासांतच आंबते. जिलेबीचे पीठ रात्रभरात फुगते. या सर्व क्रियांमागे डोळ्यांस न दिसणारे सजीव असतात. त्यांतील एका महत्त्वाच्या वर्गास किण्व अथवा यीस्ट असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मद्याचे आंबणे ही सजीव किण्वाचीच करणी आहे हे प्रयोगांनी दाखविले.

किण्व ही बुरशीच्याच कुळातील वनस्पतीसदृश, परंतु वनस्पती नव्हे अशी एकपेशीय जात आहे. तिची एक पेशी इतकी लहान असते की सुमारे दोनशे पेशी एका ओळीत मांडल्या तर एक मिलिमीटर लांबी भरेल. उसाच्या कांडीवर डोळा फुटावा त्याप्रमाणे पेशीच्या अंगावर एक अंकुर फुटतो, तो वाढतो आणि वेगळा होतो. ऊब, ओल व साखर या तीन गोष्टी मिळाल्या की ही वाढ फार वेगाने होते. पाव फुगविणारे किण्व अनुकूल स्थितीत दीड-दोन तासांत दुप्पट होते. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे किण्वजन्य रोगांचे बहुतेक वर्तन आपोआप उलगडते.

पाव फुगविणारे व मोहाची फुले आंबविणारे किण्व सामान्यतः निरुपद्रवी आहे. रोग करणाऱ्या किण्वांत ‘कॅन्डिडा’ ही जात प्रमुख होय. दुसरी ‘मॅलॅसेझिया’ नावाची जात कातडीवरील तेलकट अंशावर जगते.

शत्रू घरातलाच

कॅन्डिडा हे किण्व बाहेरून येऊन एकाएकी हल्ला करते असे नाही. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात व स्त्रियांच्या योनिमार्गात ते अल्प प्रमाणात नेहमीच असते आणि काही अपाय करीत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती व त्याच जागी राहणारे उपकारक जिवाणू त्यास आवरून धरतात. हा बंदोबस्त ढिला पडला म्हणजेच ते माजते.

कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजण्यास कठीण नाही. कपाशीवर मावा, तुडतुडे व पांढरी माशी असतात, त्याचप्रमाणे त्यांना खाणारे ढाल किडे, क्रायसोपा व कोळीही असतात. तीव्र कीटकनाशकांच्या फवारण्या वारंवार झाल्या की मित्रकीटक मरतात आणि पुढे पांढरी माशी पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळते. शरीरातही असेच घडते. जिवाणूंना मारणारी प्रतिजैविक औषधे गरज नसताना किंवा दीर्घकाळ घेतली गेली की उपकारक जिवाणू नष्ट होतात. किण्वावर मात्र त्या औषधांचा परिणाम होत नाही. मोकळे रान मिळाल्यावर ते वाढते.

बंदोबस्त ढिला पडण्याची इतर कारणे अशी : मधुमेह, गरोदरपण, तान्हे वय व वार्धक्य, कुपोषण, एचआयव्हीची बाधा, स्टिरॉइड औषधांचा दीर्घ वापर आणि कातडी सतत ओली राहणे. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत शेवटचे कारण सर्वांत मोठे आहे. निरोगी, कोरडी व अखंड कातडी हे उत्तम कुंपण होय. ओलीने ते कुंपण कुजते.

चिखल्यांची ओळख व उपचार

चिखल्या बहुधा पायाची करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात प्रथम होतात, कारण ही जागा सर्वांत चिंचोळी असून तेथे वारा पोहोचत नाही. आरंभी कातडी पांढरी, फुगलेली व भिजल्यासारखी दिसते. नंतर ती सोलवटते, खाली लाल ओलसर भाग दिसतो, चिरा पडतात, खाज व आग होते. या विकारात किण्व, नायट्याच्या जातीची बुरशी व जिवाणू हे तिन्ही एकत्र असू शकतात. म्हणूनच एकाला मारल्याने काम भागत नाही. जागा कोरडी करणे हाच उपचाराचा पाया आहे.

उपचाराचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिले, शेतातून परतताच पाय स्वच्छ पाण्याने व साध्या साबणाने धुवावेत. दगडाने किंवा वजरीने फाटलेली कातडी घासू नये.

दुसरे, स्वच्छ सुती फडक्याने प्रत्येक बेचके टिपून कोरडे करावे. हे काम घाईने उरकू नये. पाय धुऊन तसेच ओले ठेवणे म्हणजे चिखल काढून पाणी भरणे होय. ज्या फडक्याने पाय पुसले ते घरातील इतरांनी वापरू नये आणि ते रोज धुऊन उन्हात वाळवावे.

तिसरे, डॉक्टर, आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिका यांच्या सल्ल्याने क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के एवढेच औषध असलेले साधे मलम दिवसातून दोन वेळा पातळ थर देऊन लावावे. ही औषधे किण्व व नायट्याची बुरशी या दोहोंवर चालतात. उपचार साधारणतः दोन ते चार आठवडे करावा लागतो.

चौथे, रात्री झोपताना बोटांच्या मधे स्वच्छ, कोरड्या कापसाची सैल बोळी ठेवावी. ती ओल शोषून घेते व बोटे एकमेकांस चिकटू देत नाही. सकाळी ती टाकून द्यावी.

पाचवे, खाज थांबली म्हणून मलम लगेच सोडू नये. कुंद्याचे गवत वरून कापले की शेत स्वच्छ दिसते, परंतु जमिनीतील काशी तशाच राहतात व पहिल्या सरीबरोबर पुन्हा फुटतात. तद्वत खाज जाणे म्हणजे रोग जाणे नव्हे. कातडी पूर्ववत दिसू लागल्यावरही सांगितलेली मुदत पूर्ण करावी.

पाय सुजला, ताप आला, पू झाला, लाली घोट्यावरून वर सरकू लागली किंवा जांघेत गाठ आली, तर तो केवळ चिखल्यांचा विकार राहिला नाही असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्या माणसाने पायाची लहानशी चीरही डॉक्टरांना दाखवावी. ज्याला हत्तीपायाचा विकार आहे त्याच्या बाबतीत चिखल्यांच्या चिरांतून जिवाणू आत शिरून वारंवार ताप व सूज येते. अशा रुग्णाने बेचक्यांची निगा बारा महिने राखावी.

बांधावरील एक प्रसंग

पुढील प्रसंग तालुक्यातील कोणत्याही गावात घडण्यासारखा आहे. कृषी कार्यकर्ता कपाशीवरील बोंडअळीची पाहणी करण्यास बांधावर आला असता निंदणाऱ्या स्त्रियांपैकी एक प्रौढ बाई लंगडत चालताना त्यास दिसते.

“मावशी, पायाला काय झालं?”

“काही नाही जी साहेब, चिखल्या हायेत. दर सालच्याच. पण औंदा लय आग होते, रात्रभर डोळा लागत नाही.”

“काही लावता का त्याच्यावर?”

“पोरानं दुकानातून नळी आणली होती. दोन दिवस लावली का थंडावते, सोडली का पुन्हा तसंच. आता तो म्हणते, कपाशीवर मारायची बुरशीची पावडर घरात हाय, तेच लावून पाहू.”

“ती पावडर हाताला लागली तर आपण साबणानं धुऊन टाकतो. मग फाटलेल्या कातडीवर ती कशी लावायची, मावशी? ते मुळीच करू नका. ती नळी मला दाखवा, आणि उद्या आशाताईंबरोबर उपकेंद्रात जा.”

नळीवर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे असतात : एक बुरशीवरचे, एक जिवाणूंवरचे व तिसरे स्टिरॉइड. उपकेंद्रात ती नळी बंद करून साधे मलम दिले जाते आणि बोटातील थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली जाते. ती वाढलेली निघते. बाईला आपल्याला मधुमेह आहे हे तोवर ठाऊकच नव्हते.

या प्रसंगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. उपचार करूनही पुनःपुन्हा उलटणारा किण्वजन्य रोग हा कित्येकदा मधुमेहाची पहिली वर्दी असतो. आणि कार्यकर्त्याने स्वतः औषध न देता योग्य ठिकाणी पाठविले, एवढ्यानेच मोठे काम झाले.

किण्वजन्य रोगांची इतर रूपे

नखुरडे : ज्यांचे हात सतत पाण्यात असतात, जसे भांडी घासणाऱ्या, धुणे धुणाऱ्या, दूध काढणाऱ्या स्त्रिया, त्यांच्या नखाच्या कडेची कातडी सुजते, लाल होते व नखापासून सुटते. नख खडबडीत होते. हा विकार महिनोन् महिने रेंगाळतो. हात कोरडे ठेवल्याशिवाय कोणतेही औषध गुण देत नाही.

घड्यांतील लाली : जांघ, काख, स्तनांखालील घडी व तान्ह्या मुलाची लंगोटाची जागा येथे लालभडक ओलसर चट्टा होतो आणि त्याच्या कडेस लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. नायटा किंवा गजकर्ण याहून वेगळे असते. त्यात कडा उठावदार व मध्यभाग निवळलेला असे कडे दिसते. हा भेद शिकून ठेवावा, परंतु निदानाचा अंतिम शब्द डॉक्टरांचाच मानावा.

शिबे : छाती, पाठ, मान व दंडावर फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंड्यासारखे पापुद्रे सुटणारे डाग येतात. हे मॅलॅसेझिया किण्वाचे काम होय. घामाच्या दिवसांत ते वाढतात. यावर केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड असलेली औषधे डॉक्टर देतात. किण्व मेल्यावरही कातडीचा रंग पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजू नये. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. शिब्यांच्या डागावर स्पर्श व टोचणी नेहमीप्रमाणे कळते. ज्या फिकट डागावर ती कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. असा डाग दिसल्यास रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोगावरील औषध शासनाकडून विनामूल्य मिळते व वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होऊन पुढील व्यंग टळते.

तान्ह्या मुलाचे तोंड येणे : जिभेवर व गालांच्या आतील बाजूस दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर दिसतात, मूल दूध ओढताना रडते. दुधाचा थर ओल्या फडक्याने सहज निघतो. किण्वाचा थर निघत नाही आणि खरवडल्यास खाली लाल व रक्ताळलेली जागा दिसते. अशा वेळी टाकणखार चोळण्याची चाल काही घरांत आहे. ती सोडून द्यावी. टाकणखार पोटात गेल्यास बाळास विषबाधा होऊ शकते. एक वर्षाच्या आतील बाळास मधही चाटवू नये. निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोल यांचे तोंडात लावण्याचे औषध डॉक्टर देतात. आईच्या स्तनाग्रासही बाधा झाली असल्यास दोघांचा उपचार एकाच वेळी करावा लागतो. अंगावर पाजणे थांबविण्याचे कारण नाही.

स्त्रियांचा विकार : योनिमार्गात खाज, आग व दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव ही किण्वबाधेची लक्षणे होत. चारांपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात लाजेचे वा दोषाचे काही नाही, तरीही संकोचापायी कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे तो अंगावर काढतात. योनिमार्गात ठेवण्याच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्यांनी किंवा फ्लुकोनॅझोलच्या १५० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने बहुतेक स्त्रियांना आराम पडतो; परंतु गरोदर स्त्रीने फ्लुकोनॅझोल पोटात घेऊ नये, आणि औषधाची निवड डॉक्टरांवरच सोपवावी. स्रावास दुर्गंधी असणे, ओटीपोटात दुखणे, ताप येणे किंवा रक्त जाणे ही दुसऱ्या रोगांची लक्षणे असू शकतात. तेव्हा तपासणी टाळू नये. मासिक पाळीचे कापड वापरले जात असल्यास ते साबणाने धुऊन उन्हात उघड्यावर वाळवावे. अंधाऱ्या कोपऱ्यात इतर कपड्यांखाली दडवून वाळविलेले कापड ओलसर राहते. हा विषय पुरुष कार्यकर्त्याने बोलण्यापेक्षा आशा कार्यकर्तीने महिला बचत गटाच्या बैठकीत बोलणे अधिक उपयुक्त ठरते.

औषध कसे काम करते?

पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूंच्या पेशीभोवतीच्या विशिष्ट भिंतीवर आघात करतात. किण्वाची भिंत निराळ्या द्रव्यांची असल्याने ती औषधे तेथे निरुपयोगी ठरतात. किण्वाच्या भिंतीच्या आत एक पातळ पडदा असतो आणि तो अर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध द्रव्याने सांधलेला असतो. माणसाच्या पेशीत या द्रव्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. नेमक्या या फरकाचा लाभ औषधे घेतात. निस्टॅटिन अर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्यास छिद्रे पाडते व पेशीतील रस गळून जातो. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही औषधे अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

यांतील पहिले यशस्वी औषध शेतातील मातीतून आले, हे शेतकऱ्यास ऐकून समाधान वाटेल. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञ स्त्रियांनी व्हर्जिनिया राज्यातील एका दुग्धशाळेच्या शेतातील मातीत एक सूक्ष्मजीव शोधला आणि त्यापासून मिळविलेले औषध १९५० साली जाहीर केले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्यास निस्टॅटिन हे नाव मिळाले.

महाराष्ट्रही या कामात मागे राहिला नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे किण्वनाशक औषध मिळविले व १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी गावाचे नाव गुंफलेले आहे. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेतून ऑरिओफंजिन हे दुसरे औषध पुढे आले आणि ते पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी वापरण्यात आले. माणसाचा रोग व पिकाचा रोग यांचे शास्त्र एका मुळाचे असल्याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु शास्त्र एक असले तरी औषध एक नव्हे, हे पुढील भागात स्पष्ट होईल.

तीन घातक चुका

पहिली चूक मिश्र मलमांची. दुकानात मिळणाऱ्या अनेक नळ्यांत बुरशीनाशकाबरोबर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन यांसारखे स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज व लाली एक-दोन दिवसांत दबते, म्हणून मलम ‘जालीम’ वाटते. प्रत्यक्षात स्टिरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावते, बुरशी आतून पसरते, कातडी पातळ होते व रोग चिवट बनतो. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे केंद्र शासनाने २०१८ साली ठरविले, तरीही ती हातोहात मिळतात. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण पाहण्याची सवय शेतकऱ्यास लागली आहे. तशीच मलमाच्या नळीवरील औषधांची नावे वाचण्याची सवय लावावी. ‘सोन’ किंवा ‘सोल’ असा शेवट असलेले नाव दिसले की विचारल्याखेरीज ती नळी वापरू नये. मात्र क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल यांसारख्या नावांचा शेवट ‘झोल’ असा असतो; ती स्टिरॉइड नव्हेत.

दुसरी चूक शेतातील बुरशीनाशक अंगास लावण्याची. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही पिकांवरील औषधे मलमातील औषधांच्याच कुळातील आहेत, हे खरे. परंतु त्यांत विद्रावक व चिकटद्रव्ये असतात, त्यांची तीव्रता माणसाच्या कातडीसाठी ठरविलेली नसते, आणि फाटलेल्या कातडीतून विष रक्तात जाते. २०१७ साली फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना जिल्हा विसरलेला नाही. कातडीवाटे विष शरीरात जाते, हा तिचा धडा येथेही लागू आहे. पायास चिखल्या असलेल्या माणसाने फवारणीच करू नये. करणे भागच असेल तर पाय बुटांनी पूर्ण झाकावेत व काम संपताच धुवावेत. रॉकेल, बॅटरीतील आम्ल, चुना असे दाहक पदार्थही लावू नयेत.

तिसरी चूक अर्धवट व अनावश्यक औषधाची. अपुऱ्या मात्रेने कीड औषधास सरावते, तसेच किण्वही सरावते. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेले ‘कॅन्डिडा ऑरिस’ हे किण्व आज भारतातील रुग्णालयांतही आढळते व अनेक औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली बुरशीजन्य रोगकारकांची जी प्राधान्ययादी प्रसिद्ध केली, तीत ते सर्वांत गंभीर गटात आहे. पिकांवर त्याच कुळातील बुरशीनाशके भरमसाट वापरल्याने माणसास रोग करणारी एक जातीची बुरशीही औषधास सरावल्याचे काही देशांत दिसून आले आहे. म्हणून शिफारशीपेक्षा अधिक फवारणी न करणे हे गावच्या आरोग्याच्याही हिताचे आहे.

गाईगुरे व कोंबड्या

दुभत्या जनावराची कास सुजली की तिच्यात प्रतिजैविकाची नळी सोडण्याचा प्रघात आहे. सडात नळी घालताना सडाचे टोक स्वच्छ केले नाही, किंवा एकच नळी अनेकदा वापरली, तर किण्व कासेत शिरते. तेथे दुधातील साखर व शरीराची ऊब त्यास आयती मिळते. कासदाहावर दोन-तीन वेळा प्रतिजैविक देऊनही गुण येत नसेल, किंबहुना सूज वाढत असेल, तर ही शंका घ्यावी. अशा वेळी आणखी जबर प्रतिजैविक देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. पशुवैद्यकाकडून दुधाचा नमुना तपासून घ्यावा, त्यांच्या सल्ल्याने प्रतिजैविक थांबवावे व कास वारंवार पिळून रिकामी करावी. अनेक जनावरे एवढ्यानेच काही आठवड्यांत सुधारतात. असे दूध खाण्यासाठी वापरू नये.

कोंबड्यांत गळ्याजवळील अन्नाची पिशवी फुगून आंबूस वास येतो, पक्षी मलूल होतो व वाढ खुंटते. घाणेरडी पाण्याची भांडी, बुरसटलेले खाद्य व पाण्यातून दिलेली अनावश्यक प्रतिजैविके ही त्याची नेहमीची कारणे आहेत. भांडी रोज घासावीत, खाद्य कोरड्या जागी ठेवावे व औषध पशुवैद्यकास विचारूनच द्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

पेरणीपूर्व सभांत बियाणे व खतांबरोबर पायांच्या निगेचीही पाच मिनिटे माहिती द्यावी. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आशा कार्यकर्ती व उपकेंद्राशी बोलून साध्या मलमाचा पुरवठा आहे की नाही हे पाहावे. शेतमजुरांच्या वस्त्या व कोलाम पोडांवर स्वतः जाऊन सांगावे. तेथील माणसे सभेस येतीलच असे नाही. पुढील रुग्णांना मात्र थांबवून न ठेवता घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे : ताप व सूज असलेले, मधुमेही, गरोदर स्त्रिया, दूध न ओढणारी तान्ही बाळे, गिळताना दुखणारे, बधिर डाग असलेले आणि महिनाभर उपचार करूनही बरे न झालेले. आवश्यकता पडल्यास तेथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुढील तपासणी होते.

शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. किण्वाला ओल, ऊब व साखर हवी असते. ओल पुसावी, घड्यांना वारा द्यावा व साखर तपासावी. खाज थांबली तरी मुदत पूर्ण करावी. स्टिरॉइडची नळी व शेतातील औषध कातडीपासून दूर ठेवावे. संध्याकाळी पाय धुऊन कोरडे करण्यास पाच मिनिटे लागतात. ती न दिल्यास निंदणाचे पाच-आठ दिवस द्यावे लागतात. हा हिशेब ज्या घरात समजला, त्या घरातील माणसे पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर आपल्या पायांनी नीट चालत येतील.